गुळाचं काँक्रीट

आमचे सर कुणाच्या घरी गेले की उंबरा ओलांडायच्या आधी भिंतीला नख लावून पाहत. गिलावा भुसभुशीत निघाला तर तिथेच उभ्या उभ्या घरमालकाला सांगत, "तुमची वाळू मातकट होती." घरमालक बिचारा या, बसा म्हणायला पुढे आलेला असे. त्यानं वाळूचं काय उत्तर द्यावं? चांद्यातली सरांना चहाला बोलावणारी घरं अशी एकेक करून कमी होत गेली. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. लोकांना हल्ली वेळ नसतो, असं म्हणत ते घरीच चहा पीत.

पन्नासनंतरची ती वर्षं. जिकडेतिकडे रस्ते, मोऱ्या, शाळा, दवाखाने निघाले होते आणि ते बांधून घ्यायला माणसं नव्हती. म्हणून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, ओव्हरसियरचा एक वर्ग उघडला होता. मी तिथेच शिकलो आणि पास झाल्यावर तिथेच प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली लागलो. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक कौलारू शेड. तिच्यात चाळण्या, तराजू, लोखंडी साचे, पाण्याचा एक हौद आणि हातानं पंप मारून चालवायचं एक दाबयंत्र. सिमेंट, वाळू, गिट्टी कालवून साच्यात भरायची, दुसऱ्या दिवशी साचा सोडून निघालेला चौकोनी ठोकळा हौदात भिजत ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी तो यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचा. किती वजनाला फुटला ते तबकडीवरचा काटा सांगतो. या ठोकळ्याला आम्ही क्यूब म्हणत असू. सर आम्हाला हेच शिकवत. थोडक्यात, आमच्या सरांचा पेशा तोडण्याचा होता आणि तो त्यांच्या स्वभावाला चांगला मानवला होता.

नवी विटांची गाडी आली की सर दोन विटा उचलून एकमेकींवर ठोकत आणि डोळे मिटून तो आवाज ऐकत. सिमेंटचं पोतं उघडलं की कोपरापर्यंत हात आत घालून गार लागतं का ते बघत. त्या पायी त्यांच्या हातांना बारा महिने भेगा. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणत असू, रोज रात्री जवसाचं तेल लावून देत आणि सर सकाळी पुन्हा पोत्यात हात घालत. वाळू तर ते सरळ दाताखाली धरत. पाणी, चुना, माती, जे म्हणून कामावर येई ते जिभेला लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मुलं मागे हसत. मीही हसायचो.

त्यांच्या घरी खिडक्यांत काचेच्या बाटल्यांची रांग होती. इरईची वाळू, झरपटीची वाळू, वैनगंगेची, वर्धेची. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर बसतो, मग किती गाळ आहे ते दिसतं. बाई मला एकदा म्हणाल्या, "लोकाइच्या घरी लोणच्याच्या बरण्या राह्यतेत. आमच्या घरी नदीचा गाळ. सांगाव कोणाले?" सर तिथेच बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की झरपटीच्या बाटलीला हात लावू नका, ती अजून निवळायची आहे.

एखादी गोष्ट चांगली आहे असं ते कधीच म्हणत नसत. "चांगलं म्हणू नका. अजून तुटलं नाई म्हणा." हे त्यांचं पालुपद. मुलीचं लग्न झालं, कुणीतरी विचारलं जावई कसा आहे, तर सर म्हणाले, "अजून तुटला नाई." मुलीच्या सासरी ते कळलं आणि बाईंना दोनदा जाऊन समजूत घालावी लागली. एकदा प्राचार्यांनी वर्गासाठी नवे बाक करून आणले. सरांनी एका बाकावर वाळूची पोती रचायला सुरुवात केली आणि तो कडाडून मोडेपर्यंत थांबले नाहीत. प्राचार्य धावत आले.

"हे काय केलंत? नवा बाक मोडलात?"

"एकच मोडला," सर म्हणाले. "आता बाकीच्याइवर किती पोट्टे बसवाचे ते तुम्हाले ठाऊक झालं."

प्राचार्यांनी हात टेकले. पुढे बाक आले की ते आधी कुलपात जात आणि सर गावाला गेले की वर्गात लागत.

वर्गात त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. फळ्यावर काही लिहिलं की खडू खाली ठेवून ते मागे वळत. "हे मी लिहिलं म्हणून खरं समजू नका. माह्यावर विश्वास ठेवू नका. क्यूबले विचारा." मुलं ते वाक्यसुद्धा वहीत लिहून घेत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या तोडणाऱ्या माणसाचा एका गोष्टीवर मात्र जीव होता. चुना. चांद्याचा जुना परकोट आहे, गोंड राजांच्या वेळचा. दर वर्षी नव्या तुकडीला घेऊन सर तिथे जात. एरवी दोन शब्दांत बोलणारा माणूस तिथे तासभर बोलायचा. चुना कसा भिजवायचा, घाणीत कसा मळायचा, त्यात गूळ का घालत, बेलफळाचा गर का घालत, हिरड्याचं पाणी का घालत. परकोटाच्या दगडावर हात ठेवून म्हणायचे, "गुळानं चुना बळकट होते. पाहा, शेकडो वर्षं झाली, उभा आहे." मग प्रयोगशाळेत येऊन आम्ही गूळ घालून चुन्याची वडी करायचो. मुलं घरून गूळ आणत आणि निम्मा वाटेतच खात. चुन्याच्या तासाला सरांचा आवाज वेगळा लागत असे. ते त्या दिवशी क्यूबला विचारा म्हणत नसत, हे मला फार उशिरा आठवलं.

कवडू माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातला, ढिवराचा पोरगा. बाप तलावात मासे धरायचा, हंगामात दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोजीनं जायचा. त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेला हा पहिला. कवडू दिसायला किरकोळ, बोलायला त्याहून कमी, पण कामाला वाघ. हौदातले क्यूब मोजायचे, साच्यांना तेल लावायचं, यंत्र पुसायचं, न सांगता करायचा. सरांचं बोलणं तो असं ऐकायचा की आम्हाला त्याची चेष्टा करावीशी वाटे. चुन्याच्या तासाला त्यानं आणलेला गूळ तेवढा पुरा पोचला होता. सर शंका विचारा म्हणत, सगळ्यांना ओरडून म्हणत, पण कवडूनं कधी एक शंका विचारली नाही. सरांनी सांगितलं ना, मग शंका कसली?

पास झाल्याबरोबर त्याला गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका रस्त्यावर ओव्हरसियरची नोकरी लागली. नाल्यावर मोरी, म्हणजे लहानसा पूल होता, तिचा स्लॅब टाकायचा होता. जाताना तो सरांच्या पाया पडला. सर म्हणाले, "पाया कायले पडतो? वाळू धुजो."

दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी मी शेड उघडली तर कवडू पायरीवर बसलेला. चेहरा उतरलेला, दुपट्ट्यात काहीतरी बांधलेलं. सर आले तसा उठून उभा राहिला आणि दुपट्टा सोडला. आत काँक्रीटचा एक गोळा होता. बोटानं दाबला तर कडा सांडत होत्या.

"सर, स्लॅब टाकून आठवडा व्हाले आला. घट्टच होऊन नाई राह्यला. साहेब आले, त्याइची काठी आत गेली. तोडाचा हुकूम देला. मले म्हणते, सिमेंट कुठी विकलं ते सांग. नाई त घरी जा."

सरांनी गोळा उलटापालटा करून पाहिला. एक कण तोडला आणि जिभेवर ठेवला.

"गूळ टाकला?"

"हो सर."

"काऊन?"

"तुमीच त सांगितलं होतं. गुळानं बळकट होते म्हून."

"चुन्यात सांगितलं होतं."

"सिमेंट त चुन्याहून भारी. मले वाटलं, गुळानं आनखी भारी होईन." कवडूचा आवाज अगदी खाली गेला होता. "माहा पहिलाच पूल होता सर."

मी कपाळावर हात मारून घेतला. सर आता फाडून खाणार असं मला वाटलं, पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"किती टाकला?"

"मजुराइच्या चहासाठी आणला होता, त्यातला उरलेला. पिपातल्या पाण्यात कालवला."

"आन क्यूब? आधी एक क्यूब करून पाह्यला?"

"नाई सर."

"मी तुम्हाले काय शिकवलं?"

"तुमी सांगितलेलं होतं ना सर," कवडू म्हणाला. "मंग पाहाचं काय?"

सर स्टुलावर बसले. खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला. मी विचारलं, आता काय होईल त्या स्लॅबचं? ते म्हणाले, "मले ठाऊक नाई. सिमेंटात गूळ मी कधी टाकून पाह्यला नाई." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्याच दिवशी सर कवडूला घेऊन साहेबांच्या चांद्यातल्या बंगल्यावर गेले आणि स्लॅब तोडू नका म्हणाले. साहेब या रस्त्याचे इंजिनियर, माणूस सरळ, पण कामाला कडक. सरांना ओळखत असल्यामुळे त्यांनी आधी हसून घेतलं. सगळ्या जिल्ह्यात जी वस्तू दिसेल ती तोडणारा माणूस आज तोडू नका म्हणायला आला होता. पण सरांनी गुळाची हकीकत सांगितली आणि चार आठवड्यांची मुदत मागितली. तोवर त्या रस्त्यानं गाडी जायची नव्हतीच. साहेब थांबायला तयार झाले. सरांनी कवडूला बजावलं, खालच्या टेकूच्या बल्ल्या काढू नको, वर ओलं गवत टाकून ठेव, आणि कोणी विचारलं तर खरं सांग.

मग आम्ही कवडूच्या कामावरची वाळू, तेच सिमेंट आणि तेवढ्याच हिशेबानं गूळ घेऊन क्यूब केले. शेजारी बिनगुळाचे साधे केले. साधे दुसऱ्या दिवशी साच्यातून खणखणीत निघाले. गुळाचे साचा सोडायच्या लायकीचेच नव्हते. सर रोज सकाळी येऊन आधी त्यांना नख लावत. नखात माती यावी तसं काँक्रीट येत होतं. आठवडा गेला तरी तेच. सरांचं जेवण तुटलं, बाई मला विचारू लागल्या की शाळेत कोणी काही बोललं का. मी काय सांगणार, की सर गुळाची वाट पाहून राहिले आहेत म्हणून?

त्यानंतर एका सकाळी नख बसलं नाही. सरांनी दुसरा क्यूब पाहिला, तिसरा पाहिला. सगळे घट्ट झाले होते. सरांनी साचे सोडले, क्यूब हौदात ठेवले आणि मला म्हणाले, "कवडूले निरोप धाड. स्लॅबले नख लावून पाह्य म्हणा." दोन दिवसांनी निरोप आला की तिकडे तर आधीपासूनच नख बसत नाही, पण सरांना विचारल्याशिवाय घट्ट झालं म्हणायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी साहेब स्वतः आले. कवडू दाराशी उभा होता, आत ये म्हटलं तरी येईना. सरांनी आधी साधा क्यूब यंत्रात घातला. मी पंप मारला, तो फुटला, सरांनी काटा पाहून आकडा सांगितला. मग गुळाचा. काटा साध्याच्या आकड्यापाशी आला, तिथे थांबला नाही, पुढे गेला. साहेब खुर्चीवरून उठून यंत्राशी आले. क्यूब फुटला तेव्हा तो साध्यापेक्षा बराच जास्त वजन घेऊन फुटला होता. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. सरांनी मात्र नेहमीच्या सपाट आवाजात आकडा सांगितला आणि म्हणाले, "गूळ थोडाच पडला म्हणून. जास्त गुळाचा एक क्यूब मी वेगळा करून ठेवला, तो अजून घट्ट झाला नाई."

"म्हणजे स्लॅब ठेवायला हरकत नाही," साहेब म्हणाले. "आणि सिमेंट कुठे विकलेलं नाही."

"नाई."

"मग मास्तर, असं लिहून द्या की सिमेंट ओलसर होतं, त्यामुळे उशिरा घट्ट झालं. पोरगं वाचेल. माझंही काम संपेल."

"सिमेंट ओलसर नव्हतं."

"मला माहीत आहे हो. तरी लिहा."

"रेल्वेच्या त्याच डब्यातून दुसऱ्या कामाइवर सिमेंट गेलं आहे साहेब. मी असं लिहिलं तर ते चांगलं सिमेंट फेकून देतीन लोक."

साहेबांनी कवडूकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुळाचं लिहिलंत तर मला त्याला ठेवता येणार नाही. विचारल्याशिवाय त्यानं पुलात भलती वस्तू टाकली. आज पूल उभा राहिला, उद्या दुसरा कुणी दुसरं काही टाकेल आणि माणसं मरतील."

ते खोटं नव्हतं. सर दाराकडे वळले. "कवडू, काय लिहू?"

कवडू म्हणाला, "लिहा सर. गूळ मीच टाकला."

सरांसमोर उभं राहून तो पोरगा दुसरं काय म्हणणार होता? मला सरांचा संताप आला. एक ओळ, फक्त एक ओळ इकडची तिकडे करायची होती. मी तसं बोलून दाखवलं, साहेबांच्या देखत. सर माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. गूळ टाकल्याचं त्यांनी लिहिलं आणि खाली असंही लिहिलं की टाकणाऱ्याला हे आपण शिकवलं, आणि स्वतः करून न पाहता शिकवलं. शिक्षा व्हायची ती आपल्यालाही व्हावी. कवडूची नोकरी गेली. सरांना वरून एक ताकीद आली आणि तिच्यापुढे काही झालं नाही. तो संताप माझ्या मनातून आजही पुरता गेलेला नाही. सर चुकले का, असं मला कुणी विचारलं तर मात्र मी उत्तर देऊ शकत नाही.

पुढच्या वर्षीपासून सरांनी एक नवंच खूळ काढलं. वर्गात प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे आणि म्हणायचे, "हे मी केलं आहे," किंवा, "हे मी फक्त ऐकलं आहे." सुरुवातीला मुलांना मजा वाटली. मग लक्षात आलं की ऐकलेलंच फार निघून राहिलं आहे. जे ऐकलेलं निघे ते सर तिथेच सोडून देत आणि सगळ्यांना घेऊन शेडमध्ये जात. धडा पुढे सरकेना. परीक्षेचा निकाल पडला, प्राचार्य चिडले, मुलांनी दुसऱ्या मास्तरांकडून टिपणं उतरवून घेतली. चुन्याच्या तासाला परकोटापाशी सर आता पाच मिनिटं बोलत आणि परत फिरत.

पण त्याआधी आम्ही कवडूच्या गावाला गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. त्याची नोकरी गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत सर म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. सिंदेवाहीपर्यंत मोटारीनं गेलो, पुढे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून पायी. धान पिकून वाकलं होतं. सर वाटेत एकदाही माती उचलून पाहायला थांबले नाहीत, यावरून मला कळलं की गोष्ट साधी नाही.

तलावाच्या पाळीवर कवडूचा बाप जाळं पसरून बसला होता, तुटलेली घरं विणत. कवडू पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात होता. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला आणि तिकडून यायला निघाला. म्हाताऱ्यानं सरांना ओळखलं नाही. मी सांगितलं, हे कवडूचे मास्तर. तो उठायला लागला, तर सरांनी त्याला खाली बसवलं.

"मास्तर," म्हातारा म्हणाला, "खरं सांगजा. माह्या पोरानं चोरी केली का? गावातले तसं म्हणून राह्यले."

"नाई भाऊ. सिमेंटाची एकूण एक गोणी त्या पुलात आहे. मी स्वतः तपासून पाह्यलं."

"मंग? काम येत नाई त्याले?"

"येते. माह्या हाताखालून गेलेल्यात त्याच्यासारखा दुसरा नाई." सर कुणाबद्दल असं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"मंग काऊन काढलं?"

"त्यानं मी सांगितलेलं खरं मानलं. करून पाह्यलं नाई."

म्हाताऱ्यानं जाळ्यातलं बोट काढलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"मास्तरचं खरं नाई मानाचं," तो म्हणाला, "त मंग पोराले शाळेत धाडाचं कायले?"

सरांचं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं. वर्षानुवर्षं खडू खाली ठेवून ते आम्हाला देत आले होते. मी त्याची वाट पाहिली. कवडू पाण्याबाहेर येऊन निथळत उभा होता, तोही सरांच्या तोंडाकडे बघत होता.

"माह्यंच खरं मानाचं होतं, भाऊ," सर म्हणाले. "त्याची काई चूक नाई. मीच कच्चा निघालो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग जाळं गोळा करून बाजूला सारलं आणि सरांना बसायला जागा करून दिली.